लिव्हर ‘पी’वर होता

“गाडी आपोआप निघाली,” असं कंपाउंडरबाईंनी सांगितलं तेव्हा कुणी त्यांना खोटं पाडलं नाही. कुणी काही बोललंच नाही, आणि तेच वाईट झालं.

घडलं ते असं. दुपारचे साडेतीन वाजले होते. बाई नातीला घेऊन बाजारातून परतत होत्या. त्यांचं घर गल्लीच्या वरच्या टोकाला, आणि गल्ली म्हणजे सरळसोट चढ. खाली मोठा रस्ता, वर फाटक. फाटकाची कडी अशी हट्टी की दोन्ही हातांनी उचलल्याशिवाय निघायची नाही. रोजच्याप्रमाणे बाईंनी गाडी फाटकासमोर थांबवली, ब्रेक दाबून लिव्हर ‘पी’वर नेला आणि इंजिन चालू ठेवून उतरल्या. ऑटोमॅटिक गाडी. लिव्हर ‘पी’वर गेला म्हणजे चाकांना खुंटी बसली, गाडी हलायची नाही. पाच वर्षं त्या असंच करत आल्या होत्या.

कडीला हात घातला तोच मागे खडी चुरडल्याचा आवाज आला. वळून पाहतात तर गाडी मागे मागे चाललेली. अगदी सावकाश, पाहुणा निरोप घेता घेता दाराकडे सरकतो तशी. मागच्या सीटवर पट्ट्यात बांधलेली तीन वर्षांची नात. नाक इवलंसं, गोल, म्हणून घरात सगळे तिला बटण म्हणत. बटण आजीकडे बघून हात हलवत होती.

बाई धावल्या. उघडं राहिलेलं दार त्यांच्या हाताला लागलंसुद्धा. त्यांनी ते धरून गाडी ओढायचा प्रयत्न केला. एकसष्ट वर्षांची बाई आणि टनभर लोखंड. चार पावलं फरफटल्या, गुडघे सोलले, हात सुटला. पुढचं त्यांनी नुसतं पाहिलं. उताराला लागलेली गाडी, वाढत चाललेला वेग, खालचा मोठा रस्ता आणि त्यावरून जाणारा पाण्याचा टँकर. कोपऱ्यावरच्या घराचं कुंपण आडवं आलं म्हणून बरं. गाडीचं मागचं चाक त्या भिंतीला घासलं, तोंड फिरलं आणि ती दणका देऊन थांबली. टँकर निघून गेला.

बटणचा ओठ फाटला होता. दोन टाके पडले. बाकी पोरीला ओरखडासुद्धा नव्हता.

बंपर आणि दिवा बदलणाऱ्या गॅरेजवाल्याने लिव्हर चारदा पुढे-मागे करून पाहिला. “‘पी’ व्यवस्थित बसतोय. ताईंच्याकडून राहून गेलं असेल. होतं असं या वयात,” तो म्हणाला. आवाजात आपुलकी होती. ती आपुलकी बाईंच्या अंगावर काटा आणून गेली.

कंपाउंडरबाई हे नाव त्यांना गल्लीनं दिलेलं. चौतीस वर्षं त्यांनी दवाखान्यातल्या औषधांच्या खिडकीत काढली. डॉक्टरांची अक्षरं लावायची, गोळ्या मोजायच्या, पुडीवर सकाळ-दुपार लिहायचं आणि पुडी देताना माणसाचं नाव पुन्हा विचारायचं. निवृत्त झाल्या तरी आठवड्यातून तीन सकाळी दवाखाना त्यांना बोलवायचा, कारण नव्या मुली हुशार असल्या तरी घाईच्या. बाईंचा नियम होता: एकदा डोळ्यांनी, एकदा बोटांनी, एकदा तोंडाने. तीनदा तपासल्याशिवाय पुडी खिडकीबाहेर जायची नाही. चौतीस वर्षांत एक चूक नाही. असा माणूस लिव्हर विसरेल?

पहिले दोन दिवस त्यांनी हा प्रश्न रागाने विचारला. तिसऱ्या दिवशी तो त्यांनी स्वतःला विचारला, आणि मग त्याने त्यांची पाठ सोडली नाही.

कारण लिव्हर ‘पी’वर नेल्याचं त्यांना आठवत होतं, पण ते त्या दुपारचं आठवत होतं की आदल्या दिवशीचं? रोज एकाच जागी एकच गोष्ट करणाऱ्या माणसाची आठवण म्हणजे एकावर एक रचलेले कागद. वरचा कुठला, खालचा कुठला, कोण सांगणार? शिवाय अलीकडे काही ना काही होतच होतं. मधूनच लिव्हर ‘डी’वर, म्हणजे पुढे जायच्या खुणेवर, ठेवून ॲक्सिलरेटर दाबला तरी गाडी जागची हलत नसे, इंजिन नुसतंच ओरडे. मग लिव्हर खालीवर केला की निघे. आपणच नीट सरकवला नसेल, असं म्हणून त्यांनी ते सोडून दिलं होतं. आता त्या सगळ्या वेळा रांगेनं समोर येऊन उभ्या राहिल्या.

आणि आईचं काय झालं होतं ते त्यांनी पाहिलं होतं. आईची सुरुवात चपलांपासून झाली. एके दिवशी चपला कपाटात, घडी घातलेल्या चादरींमध्ये सापडल्या. सगळे हसले, आईपण हसली. तीन वर्षांनी आई समोर बसलेल्या लेकीला विचारायची, “माझी मुलगी कधी येणार हो?” तेव्हा आई चौसष्ट वर्षांची होती.

बाईंना खरी भीती होती ती याची. टँकरसुद्धा त्यांना इतका घाबरवत नव्हता.

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते खोटं नाही. बाई आता शेगडीच्या खटक्याला तीन तीन वेळा हात लावून बघू लागल्या. नळ बंद करून दारापर्यंत जायच्या आणि परत येऊन बघायच्या. बघून झाल्यावर बघितल्याचं आठवतंय का ते तपासायच्या. दवाखान्यात तीनदाचं सातदा झालं. खिडकीबाहेर रांग वाढली, लोक कुरकुरू लागले. एका सकाळी त्यांच्या हातात दोन पाकिटं होती, दोन्ही रुपेरी, दोन्हींवर निळी अक्षरं. एक रक्तदाबाच्या गोळ्यांचं, एक साखरेच्या. खिडकीबाहेर एक म्हातारा हात पुढे करून उभा. यातलं त्याचं कुठलं ते बाईंना माहीत होतं, पुरतं माहीत होतं, पण हात खिडकीबाहेर जाईना. शेवटी शेजारच्या मुलीने पुडी घेतली आणि दिली. त्या दिवशी बाईंनी महिनाभराची रजा सांगितली. गुडघे दुखतात म्हणाल्या.

लेकीने बटणला पाळणाघरात घातलं. का, ते ती बोलली नाही. “तुझे गुडघे बरे होऊ देत, आई,” एवढंच. लेक शहाणी होती, लागेल असं बोलणारी नव्हती. पण पूर्वी ती येताजाता बटणला आजीच्या कडेवर टाकायची. आता आली की पोरीचा हात स्वतःच्या हातात धरून बसायची.

बाईंचे यजमान नकाशे काढायच्या खात्यात होते. केसाएवढ्या रेघा ओढण्यात आयुष्य गेलं आणि म्हातारपणी डोळ्यांनी दगा दिला. आता समोरचा माणूस त्यांना सावलीसारखा दिसे. पण जीभ शाबूत होती. एकदा चहा घेताना ते म्हणाले, “मला दिसत नाही, तुला आठवत नाही. दोघं मिळून एक धड माणूस होतो की नाही?”

हे त्यांनी हसवायला म्हटलं. बाई हसल्यासुद्धा. मग स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभ्या राहिल्या. म्हणजे ह्यांनीपण मान्य केलं तर.

त्यानंतरच्या रविवारी लेक आली होती. बाई गच्चीवरून वाळलेले कपडे घेऊन जिना उतरत होत्या आणि मधल्या पायरीवर थबकल्या.

“बाबा, तुम्ही तिच्यावर जरा लक्ष ठेवा,” लेक हळू आवाजात सांगत होती. “गॅस, नळ, औषधं. काय विसरते ते मला फोनवर सांगत जा. मी डॉक्टरांची वेळ घेतलीय, पण तिला इतक्यात बोलू नका.”

“अगं, मला तुझं तोंड धड दिसत नाही. मी कसलं लक्ष ठेवणार?”

“ऐकून तरी कळेल ना?”

बाई कपडे छातीशी धरून तिथेच उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवसापासून एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. त्या स्वयंपाकघरात शिरल्या की बाहेरच्या खोलीतला रेडिओ बारीक होई.

गाडी दुरुस्त होऊन आली होती, पण तिच्यात बसायचं बाई टाळत होत्या. आणि बसणं तर भाग होतं. यजमानांच्या डोळ्यांत दर महिन्याला इंजेक्शन द्यावं लागे, आणि डोळ्यांचं इस्पितळ शहराच्या दुसऱ्या टोकाला. दोनदा त्या भाड्याच्या गाडीने गेल्या. दुसऱ्या वेळी येताना, शेजारी डोळ्यावर पट्टी बांधून बसलेल्या नवऱ्याकडे पाहत त्यांनी मनाशी काहीतरी ठरवलं.

शहराबाहेरच्या रस्त्यावर एक मिस्त्री होता. गिअरबॉक्स सोडून दुसऱ्या कशाला हात लावायचा नाही. पन्नाशीचा, जाडजूड, एका पायाने लंगडणारा. शेडमध्ये तो एकटाच काम करी आणि कामाशी बोलत असे. बाईंचं म्हणणं त्याने हात पुसत ऐकून घेतलं, मग पुन्हा एकदा सांगायला लावलं.

“ऑटोमॅटिक काढून गिअरची करायची? ताई, लोक माझ्याकडे उलटं विचारायला येतात. क्लच मारून पाय दुखतात म्हणतात.”

“होतं का ते सांगा.”

“होतं. याच गाडीचं गिअरचं मॉडेल आहे. माझ्या ओळखीच्या भंगारवाल्याकडे एक आलीय, मागून ठोकलेली. तिचा गिअरबॉक्स घ्यायचा, क्लच, फ्लायव्हील, तिन्ही पेडल, लिव्हर, गाडीचा कॉम्प्युटर. आठवडा जाईल. पण ही गाडी विकून गिअरची घेतली तर सोपं पडेल.”

“ही विकली तर कुणीतरी घेईल,” बाई म्हणाल्या. “आणि त्यांच्या घरी लहान मूल असेल.”

मिस्त्रीने त्यांच्याकडे नीट पाहिलं.

“मला अशी गाडी पाहिजे,” बाई हळूहळू बोलू लागल्या, “की जी माझे दोन्ही पाय आणि एक हात लागल्याशिवाय हलणार नाही. क्लच दाबायचा, गिअर टाकायचा, क्लच सोडायचा. उभी करायची तर पहिल्या गिअरमध्ये अडकवून ठेवायची. एक गोष्ट विसरली तर दुसरी धरून ठेवील. तीन गोष्टी एकदम विसरायला लागेपर्यंत...” त्यांनी वाक्य पुरं केलं नाही.

मिस्त्रीने विचारलं नाही. “उद्या आणा,” म्हणाला.

काम सुरू झालं तसं बाई रोज दुपारी बसने तिथे जाऊ लागल्या. मिस्त्रीने एक स्टूल दिलं. शेडमध्ये ग्रीसचा आणि तापलेल्या लोखंडाचा वास. गाडी चार खांबांवर छातीच्या उंचीला चढवलेली. कुणी आपल्याला काय विचारतं याची धास्ती नसलेली ती एकच जागा होती. इथे रेडिओ बारीक होत नव्हता.

पहिल्या दिवशी सीट आणि लिव्हरभोवतीचा मधला कन्सोल निघाला. ऑटोमॅटिकचं ब्रेक पेडल दोन पावलं मावतील एवढं रुंद, ते निघालं. त्याच्या जागी दोन अरुंद पेडल बसणार होती, ब्रेकचं आणि क्लचचं. बाईंनी एक प्रश्न आठवणीने विचारला. ही गाडी लिव्हर ‘पी’वर किंवा ‘एन’वर, म्हणजे न्यूट्रलला, असल्याशिवाय सुरू व्हायची नाही. आता ‘पी’च राहणार नाही, तर सुरू कशी होणार?

“बरोबर विचारलंत. काही जण ती वायर नुसती जोडून मोकळे होतात. मग चुकून गिअरमध्ये असताना चावी फिरवली की गाडी उडी मारते. पुढे भिंत असो की माणूस.”

बाई लगेच म्हणाल्या, “तुम्ही तसं करू नका.”

“मी क्लचखाली बटण बसवतो. क्लच तळापर्यंत दाबल्याशिवाय चावी कितीही फिरवा, इंजिन घुं करणार नाही. तुम्हाला दाखवतो.”

बटण हा शब्द ऐकून बाईंनी गाडीच्या मागच्या खिडकीकडे पाहिलं.

तिसऱ्या दिवशी जुना गिअरबॉक्स उतरवायचा होता. मिस्त्री गाडीखाली बसला होता, दिव्याची वायर गळ्यात अडकवून. लिव्हरपासून गिअरबॉक्सपर्यंत एक केबल जाते. आत बसलेला माणूस लिव्हर हलवतो आणि ती केबल खाली गिअरबॉक्सचा दांडा ओढते. दोघांची गाठ एका प्लॅस्टिकच्या कड्याने बांधलेली असते. ते कडं घट्ट असतं. ते काढायला मिस्त्रीने स्क्रूड्रायव्हर हातात घेतला, आणि तो तसाच धरून थांबला.

“अरे,” तो स्वतःशीच म्हणाला.

गाडीत वाकून त्याने लिव्हर ‘पी’वर नेला, पुन्हा खाली जाऊन पाहिलं. लिव्हर मागे आणला, पुन्हा ‘पी’वर नेला. असं पाच-सहा वेळा. बाई स्टुलावर ताठ झाल्या.

मिस्त्री लंगडत त्यांच्यासमोर आला. “ताई, एक विचारू? ही गाडी कधी उतारावर सुटली होती का? लिव्हर ‘पी’वर असताना?”

बाईंनी त्याला काहीही सांगितलेलं नव्हतं. सांगावंसं वाटलं नव्हतं. त्यांनी नुसती मान डोलावली.

“या इकडे.”

त्याने दिवा धरला. कडं तीन ठिकाणी तडकलं होतं, एक तुकडा तर नव्हताच. “आता बघा,” म्हणून त्याने उघड्या दारातून हात घालून लिव्हर ‘पी’वर नेला. केबल सरकली, कड्यात घसरली, आणि गिअरबॉक्सचा दांडा अर्ध्या वाटेत थांबला. “वर ‘पी’, खाली न्यूट्रल. चाकं मोकळी. दर वेळी नाही होत असं. चार वेळा बसतं, पाचव्या वेळी घसरतं. ज्याने चारदा बघितलं असेल त्याला नीटच दिसलं असेल.”

मिस्त्रीने स्टूल पुढे सरकवलं. रडू येईल असं त्यांना वाटलं होतं, पण आलं नाही. आधी सुटकेचा एक मोठा श्वास आला. त्याच्या मागोमाग दुसरी भीती आली, आणि ही अगदी कोरी करकरीत होती. किती दिवस? ‘डी’वर टाकूनही गाडी निघायची नाही, त्याला तीन-चार महिने तर झालेच होते. तेवढे महिने त्या बटणला मागे बसवून शहरभर फिरल्या होत्या. भाजीवाल्यासमोर, शाळेसमोर, पेट्रोल पंपावर लिव्हर ‘पी’वर टाकून उतरल्या होत्या. चार वेळा बसतं, पाचव्या वेळी घसरतं. किती चौथ्या वेळा झाल्या होत्या, देव जाणे.

“मला ते कडं द्या,” त्या म्हणाल्या.

पर्समध्ये दवाखान्यातली कोरी पुडी होती. तीत त्यांनी ते तुकडे ठेवले, दोन घड्या घातल्या, आणि सवयीने पुडी बोटांनी चाचपली.

घरी जाऊन त्यांनी यजमानांच्या तळहातावर तुकडे ओतले. त्यांनी अंगठ्याने एकेक कड तपासली. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “मी रेडिओ बारीक करत होतो.”

“माहीत आहे.”

“तुला कळत होतं?”

“अहो, दिसत नाही ते तुम्हाला. मला ऐकू येतं.”

लेक संध्याकाळी आली. पुडी उघडून बसली, तुकडे जुळवून कडं पुरं करायला बघत होती. “म्हणजे तू खरंच ‘पी’वर टाकला होतास,” ती म्हणाली. “आणि मी...” तिचा चेहरा पाहून बाईंना वाटलं, इथेच थांबावं. सगळं सुटलं होतं. एक शब्द जास्त बोलायची गरज नव्हती.

पण चौतीस वर्षांची सवय. तपासलं ते पुरं सांगायचं.

“हँडब्रेक ओढला नव्हता मी,” त्या म्हणाल्या. “ओढायला पाहिजे होता. ओढला असता तर कडं तुटूनसुद्धा गाडी हलली नसती. पाच वर्षांत फाटकासमोर मी एकदाही ओढला नाही. ते विसरले म्हणून नाही. कंटाळा म्हणून.”

लेक त्यांच्याकडे बघत राहिली. “हे तू सांगितलं नसतंस तर मला कळलं नसतं.”

“म्हणून सांगितलं.”

मग लेकीने डोळे पुसले आणि खाली मान घालून डॉक्टरांच्या वेळेचं सांगून टाकलं. गुरुवारी अकराला. मी आत्ताच फोन करून रद्द करते, म्हणाली.

“नको करूस,” बाई म्हणाल्या. “कड्याने त्या दिवसाचं उत्तर दिलं. माझ्या आईचं नाही दिलं.”

गुरुवारी डॉक्टरीणबाईंच्या खोलीत बाईंची पाचावर धारण बसली होती. डॉक्टरीणबाईंनी लक्षात ठेवायला पाच शब्द सांगितले: छत्री, घंटा, मध, खुर्ची, नदी. मग घड्याळ काढायला लावलं, अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा म्हणाल्या. शंभरातून सात सात वजा करायला लावले. बाईंच्या मनात एकच चाललं होतं: छत्री, घंटा, मध. मन चिंती ते वैरी न चिंती. शेवटी ते शब्द परत विचारले तेव्हा खुर्चीपर्यंत आठवलं, आणि पाचव्या शब्दाच्या जागी नुसती पांढरी भिंत. बाईंनी खूप शोधलं. नदी आलीच नाही.

“चार पुष्कळ झाले,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “घाबरलेला माणूस तीनच सांगतो. सध्या काळजीचं काही दिसत नाही. वर्षभराने पुन्हा या.”

सध्या. बाईंनी तो शब्द घरी आणला. तो अजूनही त्यांच्यापाशी आहे. पण शब्दच तो. त्याला घेऊन स्वयंपाकही होतो आणि झोपही लागते.

गाडी तयार झाली ती सोमवारी. मिस्त्रीने क्लच न दाबता चावी फिरवून दाखवली. इंजिन गप्प. दाबून फिरवली, सुरू. बाईंनी स्वतः तीनदा करून पाहिलं. गिअरची गाडी त्यांनी तरुणपणी चालवली होती, शेवटची वीस वर्षांमागे. पाय आठवतील का, हा नवा घोर. यजमान सोबत आले होते. ते पट्टा बांधून शेजारी बसले आणि म्हणाले, “चल. मला नाहीतरी भिंत दिसणार नाही, मी घाबरणार कशाला?”

सपाट रस्त्यावर दोनदा गाडी बंद पडली. तिसऱ्यांदा गुरगुरत निघाली. डावा पाय दुखू लागला, पण ते दुखणं बाईंना बरं वाटत होतं. पाय आहे आणि तो काहीतरी धरून आहे. पुलाच्या चढावर मात्र लाल दिवा लागला. पुढे बस, मागे एक छोटा टेम्पो, अगदी चिकटून. बाईंनी हँडब्रेक ओढला. आता हिरवा झाला की गाडी मागे जाणार. मागे म्हणजे खाली. डोळ्यांसमोर पुन्हा तो हलणारा छोटा हात आला.

“मला जमणार नाही,” त्या म्हणाल्या. “उतरा तुम्ही. टेम्पोवाल्याला सांगा मागे घ्यायला.”

“कुठल्या टेम्पोवाल्याला? मला बस दिसत नाही,” यजमान म्हणाले. पण त्यांचाही आवाज बदलला होता. पुढची बस निघाल्याचा आवाज आला तसे ते डोळे मिटून पुढे वाकले. “गिअर टाक. थोडा ॲक्सिलरेटर दे. आता क्लच सोड, हळू. अजून. अजून हळू... ऐक. आवाज खाली बसला. पकडलं क्लचने. तिथेच पाय धर. सोड हँडब्रेक.”

बाईंनी हँडब्रेक सोडला. गाडी तसूभर मागे आली, बाईंच्या घशातून आवाज निघाला, आणि मग गाडी पुढे झाली. मागचा टेम्पो हॉर्न वाजवत होता. वाजवू दे. पूल उतरून गेल्यावर बाईंनी गाडी बाजूला घेतली, पहिल्या गिअरमध्ये अडकवली, हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं. आणि मग रडू आलं, इतके दिवस अडून बसलेलं. यजमान रुमाल शोधत होते, तो त्यांच्या दुसऱ्याच खिशात होता.

लेक बटणला लगेच आजीकडे ठेवू लागली असं झालं नाही. ती यायची, चहा घ्यायची, बसायची. बटण आजीच्या मांडीवर जायची, पण गाडीचा विषय निघायचा नाही. बाईंनीही काढला नाही. दवाखान्यात त्या पुन्हा जाऊ लागल्या. पहिल्या दिवशी सातदा तपासलं, महिन्याने चारदा. तीनवर अजून आल्या नाहीत, आणि येतील असंही त्यांना वाटत नाही.

मग एका दुपारी दोन वाजता लेकीचा फोन आला. ती शहराबाहेर कामाला गेली होती. जावई परगावी. पाळणाघरातून निरोप होता, बटणला ताप चढलाय, कुणीतरी घेऊन जा. लेक एका दमात बोलत होती आणि मध्येच थांबली. त्या थांबण्यात काय होतं ते बाईंना समजलं.

“आई, तू जाशील?”

“निघाले,” बाई म्हणाल्या.

पाळणाघरात बटण एका गादीवर लाल होऊन पडली होती. बाईंनी तिला उचललं, मागच्या सीटवर बसवलं, पट्टा बांधला, ओढून पाहिला. क्लच दाबला, चावी फिरवली. रस्ताभर त्या आरशात बघत राहिल्या; पोर झोपली होती, तोंड उघडं टाकून. वाटेत तीन दिवे लागले. दोन सपाटीवर, एक चढावर. चढावरच्या दिव्यापाशी बाईंनी यजमानांसारखे कान टवकारले आणि इंजिनाचा आवाज खाली बसायची वाट पाहिली. भीती गेलेली नव्हती. ती शेजारच्या सीटवर बसली होती. पण गाडी बाई चालवत होत्या.

बाई डॉक्टरांकडच्या बाकावर बसल्या होत्या, तिथे तासाभराने लेक धावत आली. औषध पोटात गेलं होतं, ताप उतरणीला लागला होता. बटण आजीच्या खांद्यावर झोपली होती. लेकीने कपाळाला हात लावून पाहिला, श्वास सोडला आणि बाईंच्या शेजारी बसली. 

“उद्या मला सुट्टी नाही मिळायची,” लेक म्हणाली. “पाळणाघरवाले तापात घेत नाहीत. तुझ्याकडे ठेवू?”

“ठेव,” बाई म्हणाल्या. “औषध किती वाजता द्यायचं, ते मात्र कागदावर लिहून दे. मी विसरणार नाही. पण लिहून दे.”

लेकीने पर्समधून पेन काढलं.